वाडा कधीचा ते कसं शोधायचं

पुण्यातल्या पेठांमधल्या कुठल्याही जुन्या वाड्यात शिरलं की "पेशवेकालीन आहे हो" हे ऐकायला मिळणारच. असेलही, पण अख्खा वाडा एकाच काळातला असं पुण्यात क्वचितच असतं, विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा खरा, पण १८७९ च्या आगीत त्याचाही काही भाग जळाला. म्हणून कुठला भाग कधीचा असं विचारायचं.

सुरुवात जोत्यापासून, म्हणजे वाडा ज्यावर उभा असतो त्या दगडी चौथऱ्यापासून, ते सहसा कोणी हलवत नाही. घडीव काळा दगड आणि वर चुन्यातल्या पातळ चपट्या विटा असतील तर तो भाग जुना धरायला हरकत नाही. मंगलोरी कौलं असतील तर छप्पर १८६० च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं, त्यांचा कारखानाच तेव्हा निघाला. लोखंडी गर्डरवर टॉर्च मारा, बऱ्याचदा कंपनीचं नाव उठवलेलं असतं, टाटा दिसलं तर १९१२ च्या आधीचा नाही.

खरी गंमत लाकडात आहे. सागवानी खांब बघून लगेच खूश होऊ नका, कारण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले आणि चांगलं सागवान काय कोणी टाकून देतं का, ते दुसरीकडे लागणारच. खांबावर हात फिरवून बघा, मधेच एखादी रिकामी खाच लागते जिच्यात आता कुठलीच तुळई बसत नाही, किंवा खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, नीट टेकत नाही आणि खाली फळीचा तुकडा सारलेला असतो, म्हणजे खांब बहुतेक दुसरीकडून आणलाय. लाकडी नक्षीतलं कोरीव केळफूल अर्धं भिंतीत गाडलं गेलं असेल तर भिंत नंतरची, यात वाद नाही.

कागद त्यानंतर. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड आणि जुना नकाशा काढा, कार्डावरची तारीख नोंदीची असते, बांधकामाची नव्हे, हे घरातल्या मोठ्यांना पटवणं अवघड जातं! नकाशातला वाड्याच्या आतला चौक आणि आत्ताचा चौक टेप लावून ताडून बघा, फरक आला तर तिथे वाढीव बांधकाम शोधायचं. घरात मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येईल. शके दिसला की इसवी सनासाठी ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आतली तिथी असेल तर ७९. दारावरचा शकेसुद्धा दुरुस्तीचा असू शकतो बरं का.

शेवटी प्लॅन काढून प्रत्येक काळाला वेगळा रंग द्या, आणि ज्याचा पुरावा नाही तो भाग कोराच ठेवा, आजोबा काहीही म्हणोत.