जर्मनीत शिकायला येताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटीज आहेत, पण बहिणीच्या घरचे नियम आधी कुणी सांगत नाही. मी मास्टर्सला इथं आलो तेव्हा जो तो म्हणे थंडी सांभाळ, भाषा सांभाळ. थंडीला जॅकेट असतं हो. दमवलं ते बारक्यासारक्या गोष्टींनी.

पहिली चूक, लेटरबॉक्सवर नाव न लावणं. आपल्याला सवय सगळं मोबाईलवर यायची आणि इथं सगळं पोस्टानं येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात वेगळ्या दिवशी, विम्याचं कार्ड, 11 आकडी टॅक्स नंबर, सगळंच. पत्त्यात बऱ्याचदा फ्लॅट नंबर नसतोच, त्यामुळे पोस्टमन डब्यावर आडनाव दिसलं तर टाकतो नाहीतर पत्र परत. माझं पिनचं पाकीट दोनदा परत गेलं आणि तीन आठवडे मी रूममेटच्या पैशावर जगलो. चावी हातात आली की त्याच दिवशी कागदावर आडनाव लिहा, पासपोर्टवरचंच स्पेलिंग, आणि सेलोटेप मारा. कुणाच्या रूमवर तात्पुरते राहत असाल तरी त्याच्या नावाखाली आपलं लावाच.

आणि आलेली पत्रं उघडा! रुंडफुंकबायट्राग म्हणून रेडिओ-टीव्हीची फी असते, महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो नसो. मी ते पत्र जाहिरात समजून पिझ्झाच्या कागदांबरोबर फेकलं. उत्तर नाही दिलं तर ते आपणहून नाव नोंदवतात आणि मागचे सगळे महिने एकदम वसूल करतात. खरंतर ही फी माणशी नाही, फ्लॅटमागे एक असते, म्हणजे शेअरिंगमधे आधीच कुणी भरत असेल तर त्याच्या फीच्या खात्याचा नंबर कळवला की तुम्ही सुटलात.

पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. तिथं भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. तो चावीबरोबरच मागून घ्या.

आता खिडकी. हसू नका, ही सगळ्यात महागात पडते. इथली घरं डब्यासारखी घट्ट बंद, त्यात आपण कुकर लावणार, डाळ उकळणार, कपडे रूममधेच वाळत घालणार, ती वाफ जाणार कुठं? थंड भिंतीवर बसते. जानेवारीत माझ्या कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, मला वाटलं शाई उडालीय, कापडानं पुसलं तर पसरलं. बुरशी! डिपॉझिट इथं तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेतात आणि असं काही दिसलं की त्यातूनच कापतात. लोक काय करतात, खिडकी वरून थोडी कलती करून दिवसभर तशीच ठेवतात. तेच चुकतं. भिंत गार पडते आणि हवा काही बदलत नाही. हीटर बंद करा, खिडकी सताड उघडा, पाच-दहा मिनिटं कुडकुडा, बंद करा. दिवसातून दोन-तीनदा. फोडणी देताना तर आधी खिडकी आणि मग मोहरी, नाहीतर स्मोक अलार्म अख्खी बिल्डिंग उठवतो.

पोळ्या चामड्यासारख्या होत असतील तर पिठाच्या पाकिटावरचा आकडा बघा. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. मी 1050 घेतो, जमतं.

रविवारी दुकानं बंद असतात हे सगळ्यांना माहीत असतं तरी प्रत्येकजण एकदा फसतोच. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात पण महाग. रिकाम्या बाटल्या चेपून फेकू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीमागे आणि कॅनमागे 25 सेंट परत मिळतात, फक्त बारकोड मशीनला वाचता आला पाहिजे. ट्रेनचं तिकीट मोबाईलमधे असेल तर चार्जिंग बघा, विनातिकीट दंड 60 युरो.

वेळेचा घोळ तर खास मराठी. 'हाल्ब फियर' म्हणजे शब्दशः अर्धा चार, आपण लगेच साडेचार म्हणतो. तर नाही, साडेतीन! मी प्रोफेसरांकडे तासभर उशिरा पोचलो. लक्षात ठेवायचं तर आपला अडीच आठवा, तो 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा, अगदी हाल्ब द्राय. आकडे मात्र आपल्याला सोपे जातात, एकवीसमधे एक आधी आणि वीस नंतर, तसंच यांचं.

शेवटचं खास इथलं, केअरवोखं. जिना झाडायची पाळी. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर छोटी पाटी लटकते, झाडून झालं की शेजारच्या दारावर लावायची. मला वाटलं कुणीतरी विसरलंय, हरवू नये म्हणून मी ती आत आणून टेबलावर ठेवली. दोन आठवडे बिल्डिंगमधे कुणीच जिना झाडला नाही, मग खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं, माझ्या खांद्यावरून टेबलाकडे बघितलं आणि काही न बोलता स्वतःचा झाडू माझ्या हातात दिला.