शेवटच्या आठ गोळ्या उरल्या की
इंग्लंडमध्ये आई-बाबांच्या रोजच्या गोळ्या पट्टीत आठेक उरल्या, की लगेच पुढची मागणी नोंदवा. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या अ‍ॅपमध्ये औषधावर खूण केली की मागणी जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सर्जरीत (दवाखान्यात) पोचते आणि मंजूर झाल्यावर चिठ्ठी थेट तुम्ही निवडलेल्या फार्मसीत जाते. यात कामाचे दोन-तीन दिवस सहज जातात. मधे बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आला तर आणखी. ईस्टरच्या शुक्रवारी आईच्या बीपीची एकच गोळी उरली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता! अशा वेळी एनएचएसच्या १११ या हेल्पलाइनवर फोन करा, तातडीची सोय होऊ शकते. घरात पडून असलेलं औषध मात्र उगाच मागवू नका. एकदा फार्मसीबाहेर पडलेली गोळी परत केली तरी दुसऱ्याला देता येत नाही. सर्जरीने औषधांच्या आढाव्याला बोलावलं तर जाच, नाहीतर पुढची मागणी अडकू शकते.