मस्कतची दहावी, कोल्हापूरची अकरावी

मुलीनं दहावी मस्कतला केली, म्हणजे केंब्रिजची आयजीसीएसई, आणि अकरावी सायन्स कोल्हापुरात सासूबाईंजवळ राहून करायचं ठरलेलं. मला वाटलेलं निकाल लागला की कागद घ्यायचे, कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा. तसं कायच नसतंय.

पहिला घोळ तारखांचा. मे-जूनला परीक्षा दिली की केंब्रिजचा निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतो, आणि आपल्याकडं तोवर अकरावीच्या फेऱ्या उरकत आलेल्या असतात. तुमचं मूल अजून नववीत असेल तर शाळेत आत्ताच विचारा की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेला बसवता का, तिचा निकाल जानेवारीत येतो, हातात चार-पाच महिने राहतात. मार्चचीपण एक परीक्षा असते पण ती भारतातल्या शाळांसाठी, आखातात राहून तिचा उपयोग नाही. आम्हाला हे कळलं तेव्हा पोरगीचे पेपर संपलेले.

मग टक्के. पहिल्या कॉलेजात खिडकीवरच्या साहेबांनी ए स्टार, ए, बी असं बघितलं आणि "हे राहू दे, टक्के सांगा" म्हणून कागद परत सरकवला. घरी येऊन रडारड. नंतर लक्षात आलं की निकालाचं जे पहिलं पत्रक मिळतं, स्टेटमेंट ऑफ रिझल्ट्स, त्यावर ग्रेडच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो: ए स्टार म्हणजे ९० किंवा त्याच्या वर, ए म्हणजे ८० ते ८९, बी ७० ते ७९, सी ६० ते ६९. पुढं काही महिन्यांनी जे देखणं सर्टिफिकेट येतं त्यावर हा आकडा नसतो, त्यामुळं ते पत्रक टाकून देऊ नका, आमच्या ह्यांनी ते जवळजवळ रद्दीत घातलेलं.

आता मुख्य काम, समकक्षता. दिल्लीत असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज म्हणून संस्था आहे, सगळे एआययू म्हणतात, तिचं पत्र लागतं की ही परीक्षा आपल्या दहावीबरोबरची आहे. दिल्लीला जायला लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. पाच विषयांत सी किंवा त्याच्या वर ग्रेड हवी, डी आलेला विषय त्या पाचांत धरत नाहीत, म्हणून मोजून पाचच विषय घेतलेत तर एका डीनं सगळं अडतं, सहा-सात घ्या. इथं एक एजंट भेटला, "ताई, आठ दिवसांत आणून देतो" म्हणाला, पैसे घेतले आणि महिनाभर फोन उचलला नाही. शेवटी भाच्यानं एका रात्रीत मोबाईलवरनं अर्ज भरला.

याशिवाय शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयाचं पात्रता प्रमाणपत्र, ते कॉलेजमार्फत होतं.

शाळेच्या दाखल्यावर शिक्के मात्र तिकडं असतानाच मारून घ्या. ओमान २०१२ पासून हेग करारात (एका देशाचे कागद दुसऱ्या देशानं एकाच शिक्क्यावर मानायचे, असा करार) आहे, त्यामुळं तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे तोच शिक्का, चालतं. दुबई-शारजावाल्यांचं वेगळं, यूएई त्या करारात नाही, तिथं भारतीय दूतावासापर्यंत जायला लागतं. आम्ही हे विसरून आलो आणि मग ह्यांना सुट्टी काढून दोन ऑफिसं फिरायला लागली.

आणि नाव! पासपोर्टवर पोरीचं नाव आधी, आडनाव शेवटी, केंब्रिजच्या कागदावर वडिलांचं नावच नाही, आणि आधार कार्डावर आडनाव पुढं. तीन कागद, तीन माणसं. राजारामपुरीत स्टँप पेपरवर ॲफिडेव्हिट केलं तेव्हा कुठं मिटलं.

दुसऱ्या कॉलेजात मॅडम चांगल्या भेटल्या. शाळेचं पत्र आणि आमचं हमीपत्र घेऊन त्यांनी तात्पुरता प्रवेश दिला, मूळ कागद नंतर आणा म्हणाल्या. आता २०२५ पासून अकरावी सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, त्यामुळं असं समोर बसून बोलून किती जमेल ते कॉलेजात आधीच विचारून ठेवा. आमचं एआययूचं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं, तोवर पोरीची पहिली युनिट टेस्ट होऊन फिजिक्समध्ये काठावर पास पण झालेली.