अंत्यविधीचा हक्क कोणाचा? या चुका टाळा

वडिलांनी देहदानाचा अर्ज भरला होता, हे आम्हाला कळलं ते तेराव्यानंतर, कपाटातली फाईल उघडल्यावर. तोवर अस्थीसुद्धा विसर्जित झाल्या होत्या. ते अजून सलतं, म्हणून हे लिहितेय.

मृत्युपत्रात लिहिलं की काम झालं, असं समजू नका. मृत्युपत्र बहुतेक घरांत दिवसकार्य उरकल्यावरच उघडतं. शिवाय मृतदेह ही मालमत्ता नाही, त्यामुळे तो घर-जमिनीसारखा कोणाच्या नावे करता येत नाही. वेगळ्या कागदावर इच्छा लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शेवटी जवळ असतील त्यांना आजच प्रती द्या. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी वैद्यकीय महाविद्यालयाला फोन घरच्यांनीच करायचा असतो. शवविच्छेदन झालेला देह ते सहसा घेत नाहीत. नेत्रदान साधारण सहा तासांत व्हावं लागतं, मुंबईहून धाकटा येईपर्यंत ते थांबत नाही.

"अग्नी थोरल्या मुलानेच द्यायचा" ही रूढी आहे, कायदा नाही. मुलीने किंवा पत्नीने अग्नी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. अंत्यविधीचा पहिला हक्क कोणाचा, याचा क्रम ठरवून देणारा एकच असा कायदाही आपल्याकडे नाही. रुग्णालय सहसा पती-पत्नी किंवा सज्ञान मुलांची सही घेऊन देह ताब्यात देतं. भाऊबंदांनी विधवेला बाजूला सारणं मला तरी कधीच पटलेलं नाही. वाद पेटलाच तर देह शवागारातच ठेवायला सांगा, पोलीस ठाण्यात लेखी द्या, वकिलामार्फत न्यायालयात तातडीचा अर्ज करा. स्मशानात मात्र भांडू नका. अंत्यविधीसाठी जमलेल्यांना जाणूनबुजून त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा ठरू शकतो.

घरी मृत्यू झाला की लोक आधी तिरडी बांधतात आणि मग डॉक्टर शोधतात. क्रम उलटा ठेवा. मृत्यूच्या कारणाचा दाखला आधी घ्या, तो नसेल तर स्मशानभूमीत अडवतात. पडणं, भाजणं, विषबाधा, अपघात यांपैकी काही असेल तर पोलिसांना कळवून पंचनामा होऊ द्या. घाईने अग्नी दिला तर संशय आणि विम्याची अडचण, दोन्ही मागे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

बिल थकलं म्हणून रुग्णालयाने देह अडवला तर गयावया करू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत देह मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. त्यांचं येणं त्यांनी कायदेशीर मार्गाने वसूल करावं. नकार लेखी मागा आणि पोलिसांना बोलवा.

खर्च एकाने केला आणि नंतर भावंडांत धुसफूस झाली, हेही नेहमीचंच. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३२० प्रमाणे अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून, इतर कर्जांच्याही आधी भागवायचा असतो. लाकडं, शववाहिका, शवपेटी यांच्या पावत्या त्याच दिवशी एका पाकिटात ठेवा.