कॅम्पिंगचा हॅमॉक घरीच शिवताना

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांत बांधायच्या कापडी झोळीत, पाठ दुखते ती बहुतेक वेळा कापड आखूड असल्यामुळे. लांबी पुरेशी असेल तर मधल्या रेषेपासून जरा तिरकं झोपता येतं आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या माणसासाठी 3.5 मीटर लांब आणि 150 सेंमी पन्ह्याचं रिपस्टॉप नायलॉन (फाट पसरू न देणाऱ्या चौकटीदार विणीचं कापड) घ्या. वजन चौरस मीटरला 60 ते 70 ग्रॅम असावं. छत्रीचं पातळ कापड टाळा.

दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. सुई 14 नंबरची आणि कोरी; बोथट सुईने धागे ओढले जातात, टाके सुटतात. टाका 3 मिमी ठेवा. बारीक टाक्यांची भोकं इतकी जवळ पडतात की ताण आला की कापड त्याच रेषेत फाटतं. टाचण्यांचीही भोकं राहतात, म्हणून चिमटे लावा.

आधी लांब बाजू: 1 सेंमी दुमड, पुन्हा 1 सेंमी दुमड, कडेला एक सरळ टीप. चुण्या पडल्या तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा.

मग दोन्ही टोकांचे नेफे. इथे घाई नको, कारण अंगाचा सगळा भार इथूनच दोरीवर जातो. 1 सेंमी आत, मग 4 सेंमी दुमडून तीन समांतर टिपा मारा, टिपांमध्ये 3-4 मिमी अंतर ठेवा. प्रत्येक टिपेच्या दोन्ही टोकांना 2 सेंमी उलटी टीप हवीच; शिवण उसवायला लागते ती नेफ्याच्या तोंडापासून.

गिर्यारोहणाच्या दुकानातून 6 मिमीची अ‍ॅक्सेसरी कॉर्ड (बारीक पण मजबूत दोरी) आणा. प्रत्येक नेफ्यातून एक मीटर दोरी ओवा, टोकं दुहेरी फिशरमन गाठीने (प्रत्येक टोक दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे देऊन त्याच वेढ्यांतून काढायचं) जोडून कडं करा. या कड्याची एक बाजू दुसरीतून काढून ओढली की कापड एकत्र गोळा होतं. चुण्या हाताने सारख्या करून मगच आवळा. एका बाजूला कापड जास्त गोळा झालं तर हॅमॉक तिकडे कलतो.

दोन्ही कड्यांमध्ये न ताणणारी पातळ दोरी बांधा. तिची लांबी तयार हॅमॉकच्या 83 टक्के, म्हणजे 340 सेंमीला सुमारे 282 सेंमी. झाडं जवळ असोत की लांब, झोळ तोच राहतो.

झाडांत चार ते पाच मीटर अंतर असावं. किमान 25 मिमी रुंद पॉलिएस्टरचे पट्टे वापरा, नुसती दोरी सालीत रुतते. पट्टे साधारण पावणेदोन मीटर उंचीवर बांधा, म्हणजे हॅमॉकच्या कड्यांपर्यंत येणाऱ्या पट्ट्यांचा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन होतो. या कोनात प्रत्येक पट्ट्यावर जवळपास तुमच्या वजनाइतका ताण येतो. तोच कोन 10 अंशांवर आणला तर ताण जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून हॅमॉक ताठ बांधायचा मोह आवरा.

पहिल्यांदा हॅमॉकचा तळ जमिनीपासून वीतभर उंचीवर राहील असा बांधून हळूहळू भार द्या, मग उतरून नेफ्याच्या टिपा उजेडात धरून बघा. भोकं लांबट झालेली दिसली तर ती शिवण उसवा आणि 2 सेंमी आत नवा नेफा घाला.