खाली गुच्छा, दोष वर: शिलाई मशीन दुरुस्ती शिकताना

नागपुरात मानेवाड्याच्या एका ताईंची मशीन मी बिघडवली तेव्हा दिवाळी अकरा दिवसांवर होती. तक्रार साधी होती. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुच्छा येत होता. मी दोन संध्याकाळी तिच्याशी झुंजले आणि शेवटी ती टाकाच धरेना. ताई काही बोलल्या नाहीत. पलंगावर कापून ठेवलेल्या ब्लाउजांच्या ढिगाकडे त्यांनी एकदा पाहिलं, बस.

दोरा ओवणं, बॉबिन भरणं, पट्टा चढवणं तुम्हाला येतं असं धरून चालते. शिवता येतं, आता घरच्या मशिनी उघडून दुरुस्त करायच्या आहेत, चार पैसे मिळवायचे आहेत, अशांसाठी हे आहे. सहा वर्षांपूर्वी मीही तिथेच होते.

त्या ताईंकडे माझं काय चुकलं ते नीट सांगते, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीने हीच चूक केली आहे. गुच्छा खाली दिसला की हात आपोआप खाली जातो. मीही बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, काढली आणि तिचा बारका स्क्रू पिळला. पाव फेरा, मग अर्धा, मग जाईल तितका. गुच्छा तसाच, उलट आता दोराही तुटायला लागला. म्हणजे टायमिंग, सुई आणि खालच्या शटलचा मेळ, गेलं, असं मी ठरवलं. मोबाइलवर एक जण छातीठोकपणे तेच सांगत होता. तोंडाकडची पट्टी उघडली, नीडल बारचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, स्क्रू सैल केला, बार अंदाजाने खाली ओढला आणि हातचाक फिरवलं. खट्ट. सुई शटलवर, म्हणजे खालून दोऱ्याचा फास पकडणाऱ्या भागावर, आदळली. सुई मोडली त्याचं काही नाही, पण शटलच्या चोचीवर ओरखडा पडला, नखाला लागेल इतका. त्या ओरखड्यात दोरा अडकून तुटतो, ते शटल मग काही कामाचं राहत नाही.

तिसऱ्या दिवशी मशीनचं डोकं ऑटोत घालून इतवारीत नेलं. तिथे एक काका बसतात. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यामुळे १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या गोष्टी ऐकल्याशिवाय ते पेचकस हातात घेत नाहीत, म्हणजे ऐकवल्याशिवाय.

मी म्हटलं, ‘काका, टायमिंग गेलं.’

‘टायमिंग कुठं जाते बाप्पा? ते काय बसनं गेलं?’

त्यांनी आधी बार जागेवर आणला, कपाटातून दुसरं शटल काढून बसवलं आणि मशीन चालवून पाहिली. गुच्छा होताच. माझा हात परत बॉबिन केसकडे गेला. ‘काहून पिळून राहिली तिले? खाली पाहू नको. वरतं पाह्य.’ मग त्यांनी मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलला, मलमलचा एक तुकडा दुहेरी केला आणि वरचा दोरा दाबून धरणाऱ्या, टेन्शनच्या दोन चकत्यांमधून सर्रकन ओढला. दुसऱ्या बाजूने कापडाबरोबर हिरव्या दोऱ्याचं एक तुटकं टोक बाहेर आलं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, ‘हे घे तुह्यं टायमिंग.’

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. सुई खाली जाते, शटलची चोच वरच्या दोऱ्याचा फास पकडते आणि तो अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवते. त्यासाठी बराच दोरा खाली जातो. मग टेक-अप, म्हणजे समोर वर-खाली होणारा दांडा, तो सगळा दोरा परत वर खेचतो आणि टाका बसतो. आता टेक-अपला दोरा दोन बाजूंनी मिळू शकतो, खालून किंवा रिळाकडून. चकत्यांनी दोरा घट्ट धरला असेल तर रिळाकडून येत नाही, खालचाच वर येतो. चकत्या ढिल्या असतील, मध्ये कचरा असेल, किंवा दोरा चकत्यांच्या आत गेलेलाच नसेल, तर टेक-अप आरामात रिळावरून नवा दोरा ओढतो आणि खालचा तिथेच लोंबत राहतो. तोच गुच्छा. बॉबिनचा त्याच्याशी संबंध नाही.

तरी विश्वास बसत नसेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावा आणि सुती कापडाच्या दोन थरांवर वीतभर शिवा. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन ढिलं. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं जास्त घट्ट किंवा खालचं ढिलं. दोन्ही रंग कापडाच्या पोटात भेटले की झालं. मी अजूनही हे करते. गिऱ्हाइकाच्या दोऱ्यावर अंदाज बांधत नाही, कारण दोन्हीकडे एकच रंग असला की डोळे फसतात.

त्याहून लवकर होणारी तपासणी अशी. पाय वर असताना दोरा सुईजवळून ओढा, तो सैल यायला हवा. पाय खाली टाकून ओढा, आता सुई वाकेल इतका जोर लागायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर चकत्या धरत नाहीत. आणि ओवताना पाय वरच ठेवायचा. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत न जाता नुसता कडेवर बसतो. वीस वर्षं शिवणाऱ्या बायकासुद्धा पाय खाली ठेवून ओवतात आणि म्हणतात मशीन जुनी झाली.

खालचा स्क्रू हलवायचीच वेळ आली तर आधी तो कुठे होता त्याची खूण करा. बॉबिन घातलेली केस दोऱ्याने लटकवा. ती आपोआप घसरायला नको, हलका झटका दिला की बोटभर खाली येऊन थांबायला हवी. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवावा लागला तर समजा दोष दुसरीकडे आहे. आणि खाली पांढरा कपडा अंथरा. तो स्क्रू फरशीवर पडला की देवाला नवस बोलूनही सापडत नाही.

सुईचं थोडक्यात. काहीही उघडण्याआधी नवी सुई. पॉपलिनला १४ नंबर, जॉर्जेटला ११, जीन्सला १६ किंवा १८. बॉबिन केस डावीकडून बसते त्या काळ्या मशीनला चपटी बाजू उजवीकडे आणि दोरा डावीकडून उजवीकडे. समोरून केस बसणाऱ्या मशीनला चपटी बाजू मागे. शंका आली तर सुईवर नख फिरवा, लांब खाच असते त्या बाजूने दोरा आत जातो. माझ्याकडे आलेल्या ‘बिघडलेल्या’ मशिनींपैकी कितीतरी नुसत्या सुईने चालू झाल्या. त्याचे पैसे मागताना सुरुवातीला लाज वाटायची. आता वाटत नाही.

तेलाबद्दल मात्र मी चिडूनच बोलणार. खोबरेल तेल घालू नका. गोडं तेलही नाही. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी तेच मशीनमध्ये ओततात. ते भोकांत जाऊन चिकट होतं, त्यावर मे महिन्याची धूळ बसते आणि चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. अशी जाम मशीन आली तर जोर लावायचा नाही. मोटर असेल तर आधी प्लग काढा. मग मातीचं तेल थेंब थेंब सोडा, चुलीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून. दोरा काढून हलकेच फिरवा, निघालेला काळा चिखल चिंधीने पुसा, लागलं तर रात्रभर ठेवा. मगच मशीनचं पातळ तेल, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब. शटलच्या वाटेत एक थेंब. टेन्शनच्या चकत्यांवर कधीच नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या फटीतलं तूस ब्रशने काढा, फुंकू नका. फुंकलं की ते आणखी आत जातं.

आणखी एक नागपुरी आजार आहे, कूलर. पारा पंचेचाळीसला टेकला की मशीन कूलरसमोर सरकते, शिवणारीला गार वारा लागतो आणि मशीनला ओल. जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मशिनींच्या नीडल बारवर तांबूस बुरशीसारखा गंज असतो. कूलर हवाच, फक्त वाऱ्याचा झोत मशीनवर नको आणि रात्री झाकण घाला. चामडी पट्टा पावसाळ्यात ढिला पडतो तेव्हा तो कापून आवळू नका, लगेच नाही. चार दिवस उघाड पडली की बऱ्याचदा आपोआप पुन्हा घट्ट होतो. फार आवळलेल्या पट्ट्याने मशीन जड चालते आणि दोष तेलाला जातो.

टायमिंगला हात कधी लावायचा? त्या ओरखड्यानंतर मी वर्षभर लावला नाही आणि तुम्हीही पहिलं वर्षभर लावू नका. काळ्या मशीनमध्ये शटल दांड्यांनी बांधलेलं असतं, त्याचा वेळ उगाच हलत नाही. जीन्सच्या जाड जोडावर सुई आदळली तर नीडल बार सरकू शकतो. पाहायचं असं. सुई अगदी तळाला न्या, तिथून ती दोन-अडीच मिलिमीटर वर आली की शटलची चोच सुईपाशी, नेढ्याच्या किंचित वर यायला हवी. जुळत असेल तर पट्टी परत लावा आणि विसरून जा. जुळत नसेल तर स्क्रू सैल करण्याआधी बारवर पेन्सिलीने रेघ मारा. ही रेघ मी मारली असती तर शटलचे पैसे वाचले असते.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत पक्कं आहे, कोणाला आवडो न आवडो. सगळं भराभर करून दाखवणारा उस्ताद नको. मी पुढे काकांकडेच शिकले, तेव्हा त्यांनी मला तीन महिने पेचकसला हात लावू दिला नाही, फक्त पुसायला दिलं. तेव्हा राग यायचा, रोज संध्याकाळी बर्डीपर्यंत चालत येताना मी मनात त्यांना शिव्या घालायचे. पण पुसताना कोणता दांडा कोणाला ढकलतो ते हातांना कळलं. पंधरा दिवसांत मेकॅनिक करून देतो म्हणणाऱ्या वर्गातही मी पैसे भरले होते. तिथून प्रमाणपत्र मिळालं, ते घरी आहे.

पहिल्या दहा मशिनींत एखादी तुमच्या हातून बिघडेल. बिघडली तर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगा आणि सुटा भाग आपल्या पैशाने घाला. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनी सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीवर बेतलेल्या असल्याने शटल, केस, बॉबिन सहज मिळतात. बुडालात असं होत नाही.

त्या ताईंची मशीन दिवाळीच्या सात दिवस आधी परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ती पुन्हा दुरुस्तीला काढली, अर्थात माझ्याकडे नाही, थेट इतवारीत. काकांनी ती माझ्याकडे पाठवून दिली आणि ताईंना त्यातलं काही सांगितलं नाही. टाका सुटत होता. मी पाय वर करून चकत्यांमधून मलमल ओढली, काही निघालं नाही. सुई बदलली, चालली.