हॅस्केलमध्ये यादीचे गट पाडणारे फंक्शन लिहिताना

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘डेटा.लिस्ट’ मॉड्यूलमधील ‘ग्रुप’ आणि ‘ग्रुपबाय’ ही फंक्शने केवळ लागून असलेले घटक एकत्र करतात, हे नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. [३, ५, २, ४, ७] या यादीचे सम-विषमतेनुसार गट पाडले, तर [[३, ५], [२, ४], [७]] असे तीन गट हाती येतात. ७ हा मागच्या विषमांत जाऊन बसत नाही. म्हणून आपल्याला सलग गट हवेत की साऱ्या यादीतून वेचलेले, हे आधी ठरवावे आणि दोन्हींसाठी वेगवेगळी नावे ठेवावीत. येथे दुसऱ्या प्रकाराचा विचार करू.

वापरणाऱ्याकडून तुलनेचे फंक्शन न मागता प्रत्येक घटकाची ‘की’, म्हणजे ज्यावरून त्याचा गट ठरतो ते मूल्य, काढणारे फंक्शन मागावे. ‘ग्रुपबाय’ प्रत्येक घटकाची तुलना गटातल्या पहिल्या घटकाशी करते, आधीच्या घटकाशी नव्हे; त्यामुळे चढत्या क्रमाचे तुकडे पाडण्याच्या हेतूने त्याला <= दिले, तरी [१, ३, २] ही यादी न तुटता एकाच गटात परत येते. ‘की’ची समानता पाहिली की हा घोटाळा उद्भवतच नाही. फंक्शनचा प्रकार (टाइप) असा ठेवावा:

ऑर्ड क => (अ -> क) -> [अ] -> [(क, नॉनएम्प्टी अ)]

गटासोबत ‘की’ परत दिल्याने ती पुन्हा काढावी लागत नाही, आणि ‘नॉनएम्प्टी’मुळे, म्हणजे कधीच रिकाम्या नसणाऱ्या यादीमुळे, गटातला पहिला घटक निर्धास्तपणे घेता येतो. ‘की’ला लहान-मोठा क्रम असावा या ‘ऑर्ड’च्या अटीऐवजी केवळ समानता तपासता यावी या ‘ईक्यू’च्या अटीवर भागवण्याचा मोह टाळावा, कारण मग प्रत्येक घटक आधीच्या सर्व गटांशी ताडून पाहावा लागतो आणि गट पुष्कळ असल्यास काम यादीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

अंमलबजावणीसाठी ‘की’ आणि मूल्य यांच्या जोड्यांपासून मॅप बनवणारे ‘डेटा.मॅप’मधील ‘फ्रॉमलिस्टविथ’ सोयीचे आहे, परंतु ते जोडणाऱ्या फंक्शनला नवे मूल्य आधी आणि जुने नंतर देते, त्यामुळे गटातला क्रम उलटा होतो. त्यावर फंक्शनला मिळणाऱ्या दोन मूल्यांची अदलाबदल करणाऱ्या ‘फ्लिप’चा उतारा सुचतो खरा, पण त्याने प्रत्येक घटक वाढत्या यादीच्या शेवटी चिकटवला जातो आणि मोठ्या गटांत वेग ढासळतो, त्यापेक्षा मूळ यादीच उलटी करून द्यावी. उत्तरातील गट ‘की’च्या चढत्या क्रमाने येतात, प्रथम दिसल्याच्या क्रमाने नव्हे, हे मात्र फंक्शनवरच्या टिपणीत स्पष्ट नोंदवावे.